थांबलेले वाचक : प्रकल्प नोंदी

३ जून २०२५, मंगळवार

वाचनालयाच्या कार्यकारिणीच्या सभेत ठरलं की जे सभासद वर्गणी भरतात पण पुस्तक नेत नाहीत, किंवा आधी दर आठवड्याला येत होते आणि हळूहळू दिसेनासे झाले, त्यांना गाठायचं आणि वाचन का थांबलं ते विचारायचं. काम माझ्याकडे आलं. ‘ताईंचं सगळ्यांशी जमतं’ असं कारण देण्यात आलं. खरी गोष्ट अशी की ग्रंथपाल सर अनुदानाच्या कागदांत बुडालेत, शिपाई मामांचे गुडघे दुखतात आणि चौथं माणूस आमच्याकडे नाही.

उत्तर मात्र सभेआधीच तयार होतं. अध्यक्ष म्हणाले, मोबाईल. सचिव म्हणाले, मालिका. खजिनदार म्हणाले, ‘आता कुणाला गोडीच राहिली नाही हो,’ आणि लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक विनोद सगळ्यांना वाचून दाखवला. उत्तर माहीत आहे तर माझी पायपीट कशाला, असं मी विचारलं. तेवढ्यात चहा आला.

एक हिशेब कुणी मोठ्यानं बोललं नाही, तो इथे लिहून ठेवते. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली आम्हाला मान्यता, मान्यतेतून अ, ब, क, ड यांतला एक वर्ग, वर्गावर अनुदान आणि अनुदानावर माझा पगार. वर्ग टिकवायला सभासद लागतात. तेव्हा हा प्रकल्प म्हणजे काही निव्वळ साहित्यसेवा नाही.

७ जून, शनिवार

यादी काढली. आधी ‘थांबलेला’ कुणाला म्हणायचं ते ठरवावं लागलं. काही वर्षं नियमित देवघेव, आणि आता वर्षभर एकही पुस्तक नाही, असे तेवढेच घेतले. गाव सोडून गेलेले आणि वारलेले वगळले. वरच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेतली मुलं वेगळ्या कागदावर लिहिली, त्यांचं प्रकरण निराळं आहे.

संगणकात जुनं फारसं काही नाही, म्हणून पोटमाळ्यावरची देवघेव रजिस्टरं खाली आणली. एकाचा पुठ्ठा वाळवीनं खाल्लाय, आतली पानं शाबूत. चाळता चाळता दुपार गेली. नेमानं वाचणाऱ्यांच्या खात्यात परतीची तारीख आणि पुढचं पुस्तक नेल्याची तारीख एकच असते. एक दिलं, एक घेतलं, वर्षानुवर्षं. थांबलेल्यांच्या खात्यात शेवटच्या ओळीवर फक्त परतीची तारीख आहे. म्हणजे पुस्तक अर्धं टाकून ही माणसं पळालेली नाहीत. दोन पुस्तकांच्या मध्ये कुठेतरी राहून गेलीत.

हे सभेत सांगण्याइतकं पक्कं नाही, पण डोक्यात ठेवते.

१४ जून, शनिवार

फोनवर काम भागेल असं वाटलं होतं. सगळीकडून एकच, ‘वेळ कुठं मिळतो हो ताई.’ निवृत्त होऊन दहा वर्षं झालेलेही हेच म्हणतात. उलट साखर कारखान्यात पाळीनं काम करणारा एक जण अजूनही महिन्याला चार-पाच पुस्तकं संपवतो. ‘वेळ नाही’ हे कुणी भेटल्यावर ‘काय, बरं आहे ना?’ म्हणावं तसं तोंडातून येतं, त्यातून काही कळत नाही.

प्रश्न बदलला. ‘का थांबलात’ ऐवजी ‘शेवटचं कोणतं पुस्तक नेलं होतं, आठवतंय का?’ आता लोक थबकतात आणि मग बोलायला लागतात. एका निवृत्त पोस्टमास्तरांना नाव आठवलं नाही, पण मुखपृष्ठावर कंदील होता हे आठवलं. ते परत करायला आले तेव्हा टेबलावर कुणीच नव्हतं, म्हणून तिथेच ठेवून गेले. ‘मग पुढचं न्यायचं राहिलं ते राहिलंच.’ किती दिवस झाले? ‘दिवस कसले, असतील सहा-सात वर्षं.’

२२ जून, रविवार

आजपासून घरोघर.

पेठेतल्या एका काकूंच्या नावावर आठवड्याला एक कादंबरी असायची, मधूनच एखादं आत्मचरित्र. २०१८ च्या श्रावणात थांबलंय. मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, ‘हे गेले ना.’ काका बाजारातून येताना वाचनालयात डोकावायचे आणि पिशवीत भाजीवर एक पुस्तक टाकून आणायचे. काकू स्वतः आमच्याकडे कधीच आलेल्या नाहीत. दारावरून रोज जातात. ‘आत सगळी पुरुषमाणसं पेपर पसरून बसलेली, तिथं मी काय येऊ?’ वाचावंसं वाटतं का, म्हणून विचारलं. ‘वाटतं गं. पण सांगणार कुणाला? मुलगा पुण्याहून महिन्या-दोन महिन्यांनी येतो, त्याला काय पुस्तकं आणायला लावू?’

सभेतल्या उत्तरांप्रमाणे काकूंच्या नावापुढे ‘गोडी राहिली नाही’ असं लिहावं लागेल.

दुसरं घर एका निवृत्त मुख्याध्यापकांचं. ते मोबाईल घेऊनच बसले होते. मनात म्हटलं, जिंकले अध्यक्ष. पण सर वाचत होते तो चांगला लांबलचक लेख होता, पावसाच्या अंदाजावरचा. मला म्हणाले, ‘हे बघ,’ आणि दोन बोटं ताणून अक्षर मोठं केलं. ‘तुमच्या पुस्तकात हे होतं का?’ मग आतून त्यांचं स्वतःचं एक जुनं पुस्तक आणून माझ्या हातात दिलं. कागद पिवळा पडलेला, शाई विटलेली, टाइप इतका बारीक की अनुस्वार आहे की कागदावरचा डाग ते मलाच कळेना. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं दिसेनासं होतं, पुढे मोतीबिंदूची भर पडते. सर दोन पानांत डोकं दुखतं म्हणून पुस्तक मिटतात आणि सूनबाई म्हणतात, ‘बाबांची आवड गेली.’ हल्ली त्यांनाही तसंच वाटायला लागलंय.

मोठ्या टायपातलं पुस्तक आमच्या कपाटात एकही नाही. खरेदीच्या यादीत टाकलं.

६ जुलै, रविवार

आषाढी. दोन घरांना कुलूप, तिसऱ्या घरी साबुदाण्याची खिचडी मिळाली आणि पुस्तकांचा विषय निघालाच नाही.

१७ जुलै, गुरुवार

अभ्यासिका. खालच्या दालनात कपाटांवर धूळ आणि वर बसायला जागा मिळत नाही, पोरं सकाळी सातला दप्तर ठेवून खुर्ची अडवतात. राज्यसेवा, पोलीस भरती, तलाठी. यांची वर्गणी नियमित येते, म्हणून वार्षिक अहवालात आमची ‘वाचकसंख्या’ छान दिसते.

त्यातला एक मुलगा खटाव तालुक्यातून येऊन इथे खोली करून राहतो. दहावीपर्यंत गावातल्या वाचनालयाची दोन कपाटं संपवली म्हणाला. त्याला एक कादंबरी दिली आणि सांगितलं, झोपताना वाच. चौथ्या दिवशी परत. मी उघडून पाहिली. पहिल्या प्रकरणात पेन्सिलीच्या खुणा. सन आला की खाली रेघ, गावाचं नाव आलं की भोवती गोल. नायिका होडीतून नदी ओलांडते तिथे समासात लिहिलंय, ‘उपनदी?’ पान १४ नंतर खुणा नाहीत, म्हणजे वाचनही नाही. खालमानेनं म्हणाला, ‘सवयच लागलीय ताई. यातलं काय विचारतील तेच शोधत राहतो. काही सापडलं नाही की वाटतं, एक तास वाया घालवला.’

मला मोबाईलपेक्षा या पेन्सिलीची भीती जास्त वाटली. मोबाईल हातातून खाली ठेवता येतो. रबरानं खुणा खोडत बसले. ‘उपनदी?’ तेवढं ठेवलंय.

२७ जुलै, रविवार

जो तो आप्पांचं नाव काढतो, म्हणून आप्पांच्याच घरी गेले. आमचे जुने देवघेव लिपिक, २०१६ ला निवृत्त झाले. यादीतली बरीच माणसं त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत गळालेली दिसतात. कुणी म्हणतं गुडघे, कुणी म्हणतं नातवंडं, पण साल तेच.

त्यांच्या काळात कपाटं बंद असायची. सभासदानं यादीत बघून चिठ्ठीवर क्रमांक लिहायचे आणि आप्पांनी आत जाऊन पुस्तक काढून आणायचं, अशी रीत. प्रत्यक्षात चिठ्ठी फारसं कुणी लिहायचं नाही. ‘आप्पा, द्या काहीतरी.’ टेबलाच्या खालच्या खणात त्यांनी पुस्तकं काढून ठेवलेली असत, प्रत्येकात एक चिठोरं. ‘बँकवाले’, ‘कंट्रोलर’, ‘नर्सबाई, रडकं नको’. नंतर मुक्तद्वार आलं, संगणक आला, सभासदांनी स्वतः कपाटातून हवं ते निवडायचं असं झालं. लोक आत जातात, दोन रांगांमधून फिरतात, चार पुस्तकं काढून परत सारतात आणि पेपर वाचून घरी जातात. हे मी रोज बघते.

विचारलं, ‘आप्पा, एवढी पुस्तकं तुम्ही वाचलीत कधी?’

आप्पा खो खो हसले. ‘म्या कुठं वाचलीत? म्या पेपर वाचतो आन् पंचांग. म्या इचारायचो. पुस्तक परत देताना मानूस गप नसतंय. कसं हुतं म्हटलं की बोलतंयच. झ्याक हुतं म्हनला, तर कशापायी झ्याक ते इचारायचं. तेवढं ध्यानात ठिवायचं आन् तसल्याच दुसऱ्या मानसाला द्यायचं.’

‘आणि भिकार होतं म्हणाला तर?’

‘मग तर लई सोपं. त्याला काय नगं ते कळलं की.’

येताना रिक्षात विचार करत होते. आम्ही पदविकेला वर्गीकरण शिकलो, तालिकीकरण शिकलो, वाचकसेवा नावाचा अख्खा पेपर होता. या माणसानं एकही पुस्तक न वाचता गावाला वाचतं ठेवलं, का तर प्रत्येक वाचकाचं मत पुढच्या वाचकापर्यंत पोचवत होता. आता पुस्तक यंत्रासमोर धरायचं, टिक वाजतं, झालं. समोर कोण उभं होतं ते पाहिलंच पाहिजे असं नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

ग्रंथपाल दिन. डॉ. रंगनाथन यांच्या फोटोला हार, पेढे, सरांचं पाच मिनिटांचं भाषण. मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. आमच्या भिंतीवर ती चौकटीत लावलीत. चौथं सूत्र, वाचकाचा वेळ वाचवा. परीक्षेला मी त्याचा अर्थ लिहिला होता की तालिका चोख ठेवावी, पुस्तक चटकन सापडावं. आता वाटतं, काय वाचू या प्रश्नात जाणारा वेळही त्यातच धरायला हवा. रंगनाथन मुक्तद्वाराचे खंदे पुरस्कर्ते होते आणि माझाही त्याला विरोध नाही. पण कपाटं उघडा म्हणताना टेबलावरच्या माणसानं तोंड मिटावं, असं काही त्यांनी सांगितलेलं नाही.

हार घालून झाल्यावर सरांपुढे प्रस्ताव ठेवला. पुस्तक परत घेताना ‘कसं होतं?’ विचारायचंच. आप्पांचा खण पुन्हा सुरू करायचा. आणि प्रत्येक पुस्तकात एक कोरी चिठ्ठी ठेवायची, ‘अर्ध्यात सोडलं असल्यास कितव्या पानावर?’ नाव नको, कारण नको, फक्त पान.

चिठ्ठीला सचिवांची हरकत. ‘हा लेखकाचा अपमान आहे.’ सर म्हणाले, ‘लेखकाला कळवायचं नाहीये.’ मंजूर.

२४ ऑगस्ट, रविवार

सचिवांनी गटावर बातमी टाकली, खाली ‘बघा, मी म्हणत नव्हतो?’ अमेरिकेतल्या वीस वर्षांच्या, २००३ ते २०२३ च्या, वेळ-वापर पाहणीचा अभ्यास फ्लोरिडा विद्यापीठ आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन इथल्या संशोधकांनी केलाय. दिवसभरात केवळ आवडीखातर काही वाचणाऱ्यांचं प्रमाण या काळात ४० टक्क्यांहून जास्त घटलं, वर्षाला साधारण ३ टक्के. त्यांनी पुस्तकंच मोजलीत असंही नाही, मासिकं, वर्तमानपत्रं, ई-पुस्तकं, ऐकायची पुस्तकं, सगळं धरून हा आकडा आहे.

आकडा वाचून धस्स झालं, खोटं कशाला सांगू. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, ती सचिवांनी टाकली नाही. जे वाचतात, त्यांचा वाचनाचा वेळ कमी झालेला नाही, उलट थोडा वाढलाय. म्हणजे सगळेच थोडं थोडं कमी वाचतात असं नाही. ज्यांचं चालू आहे त्यांचं जोरात चालू आहे, आणि ज्यांचं तुटलं त्यांचं पार तुटलंय. अमेरिकेचं गणित आमच्या पेठेला लावू नये हे कळतं, पण रजिस्टरात मला दिसलं ते याच्याशी जुळतं.

६ सप्टेंबर, शनिवार

अनंत चतुर्दशी. गेले दहा दिवस समोरच्या मंडळाच्या स्पीकरखाली कुणी काय वाचणार! चिठ्ठ्या मात्र येतायत.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज चिठ्ठ्या घेऊन बसले, आणि या सगळ्या कामात आज जेवढी मजा आली तेवढी कधीच आली नव्हती.

पहिला शोध प्रस्तावनांचा. आपली माणसं प्रामाणिक, पुस्तक पहिल्या पानापासून सुरू करतात. एका कादंबरीला चाळीस पानांची विद्वान प्रस्तावना आहे आणि तिच्यातल्या चिठ्ठ्या १२, १९, ७ अशा. गोष्टीपर्यंत कुणी पोचलंच नाही. मामांकडून अशा पुस्तकांना कागदी पट्टी लावून घेतली, ‘गोष्ट पान ४३ पासून’. सर म्हणाले हे जरा अतिच होतंय. म्हटलं, राहू द्या महिनाभर.

एका पुरस्कारप्राप्त कादंबरीत कुणीही पान ३० ओलांडलेलं नाही. तिच्याबद्दल माझं मत मी इथे लिहिणार नाही, पण चिठ्ठीवाल्यांशी माझं भांडण नाही.

आणि मग ती ऐतिहासिक कादंबरी. तीन खंड आहेत. पहिल्या खंडाची तारीखचिठ्ठी भरल्यामुळे तिच्यावर दुसरी, तिसरी अशा डकवत गेलोय, शिक्क्यांवर शिक्के. दुसऱ्या खंडावरही शिक्के भरपूर. तिसरा खंड जवळजवळ कोरा. मी आजवर समजत होते, लांबण लावलीय, लोक कंटाळतात. दुसऱ्या खंडात आलेल्या सगळ्या चिठ्ठ्यांवर, वेगवेगळ्या अक्षरांत, एकच आकडा, २०८.

उघडून पाहिलं. पान २०८ वर वेढा पडलाय, रात्र आहे, दोर टाकून माणसं तट चढतायत. पान उलटलं तर २२५, आणि तिथे कुणाच्या तरी लग्नाची बोलणी चाललीत. मधली सोळा पानं, एक अख्खा फर्मा, नाहीच. पुन्हा केलेल्या बांधणीवर १९९१ चा शिक्का आहे, तेव्हा बायंडरकडे गळाला असणार. म्हणजे चौतीस वर्षं हे पुस्तक आम्ही देतोय, लोक तटाच्या मध्यावर लटकून परत येतायत, आणि एकानंही तोंड उघडलेलं नाही. अगदीच नाही म्हणायला २०८ च्या तळाशी पेन्सिलीनं लिहिलंय, ‘पुढे?’ त्याखाली निळ्या शाईत दुसऱ्याचं अक्षर, ‘पुढचं देवालाच ठाऊक.’ त्याखाली तिसऱ्यानं, ‘पान ३१ पाहा.’ पान ३१ वर ‘पान ९० पाहा’. पान ९० वर ‘गाढवा, अभ्यास कर’. हा तिसरा आमच्याच हायस्कूलचा असणार.

आप्पांना फोन केला. त्यांच्याही काळात हेच? ‘न्हाई ओ, दुसऱ्या खंडाचं कुनी कायच बोलत नव्हतं. म्हनून म्याबी तिसरा कुनाला काढून ठिवला न्हाई.’ आप्पांची पद्धतसुद्धा इथे अडली, कारण ज्यांचं बिनसलं ते गप्प राहिले. दोष पुस्तकाचा आहे हे त्यांच्या मनातच आलं नसावं.

जिल्ह्याच्या ग्रंथालयात त्या आवृत्तीची प्रत आहे. तिथून सोळा पानांच्या झेरॉक्स आणायच्या, बायंडरला द्यायचं.

४ ऑक्टोबर, शनिवार

पेठेतल्या काकूंचं जमलं. पेपर टाकणारा मुलगा त्यांच्या घरी आणि आजूबाजूच्या चार घरी पेपरबरोबर पुस्तक टाकतो, जुनं घेऊन येतो. त्याला वेगळे पैसे द्यायला खजिनदार नाराज होते. मी म्हटलं, परवाच्या सभेत बटाटेवड्यांवर गेले त्याहून कमी आहेत. काकू चिठ्ठीवर मत लिहून पाठवतात. पहिली चिठ्ठी, ‘नायिका फार रडते. जरा खमकी बाई पाठव.’

स्वतःविषयी एक नोंद. दिवसभर पुस्तकं हाताळते, कुठलं कुठल्या फळीवर आहे ते झोपेत सांगेन, पण शेवटपर्यंत वाचलेली कादंबरी आठवत नाही. मलपृष्ठं वाचते, ती सगळी. कपाटासमोर उभी राहिले की माझ्या मनात येतं ते याची बांधणी, त्याची खरेदी, हे बाद करायचं की ठेवायचं. तो अभ्यासिकेतला मुलगा आणि मी एकाच होडीत आहोत, फक्त माझ्या हातात पेन्सिलीऐवजी शिक्का. म्हणून आप्पांची युक्ती स्वतःवर केली. मामांना म्हटलं, ‘मला काहीतरी द्या, मी निवडणार नाही.’ मामांनी भुताची दिली. निम्मी झालीय. भीती वाटत नाही, पण त्या वाड्यात शेवटी कोण निघतं ते बघायचंय.

१५ ऑक्टोबर, बुधवार

वाचन प्रेरणा दिन. डॉ. कलामांची जयंती, २०१५ पासून आपल्याकडे असा साजरा होतो. ग्रंथदिंडी निघाली, पालखीत पुस्तकं, लेझीम, ‘वाचाल तर वाचाल’चा फलक धरून घामाघूम झालेली पोरं. अध्यक्षांचं भाषण लांबलं.

नंतर मुलं वाचनालयात बसली होती. शाळेनं वाचन-डायरी सक्तीची केलीय, त्यात पुस्तकाचं नाव, लेखक, सारांश, बोध असे रकाने. चौथीतल्या एका मुलीची डायरी पाहिली. प्रत्येक गोष्टीपुढे बोध एकच, ‘नेहमी खरे बोलावे.’ गोष्ट माकडाची, बोध तोच. गोष्ट आगगाडीची, बोध तोच. विचारलं तर म्हणाली, ‘बाई रकाना भरलाय का एवढंच बघतात.’

‘आणि सगळ्यांत आवडली ती कुठली?’

‘ती यात लिहिली नाहीये.’

‘का गं?’

‘मग तिचा पण बोध लिहावा लागेल ना.’

दिंडीवर जो खर्च झाला त्यात मुलांची किती नवी पुस्तकं आली असती याचा हिशेब करून ठेवलाय. सभेत मांडणार नाही. दिंडी अध्यक्षांची लाडकी आहे.

३० ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळी अंक योजनेसाठी रांग लागली. दरवर्षी लागते, आणि वर्षभर न फिरकणारी माणसंही त्यात असतात. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची सवय. ठरलेली रक्कम भरा आणि फाल्गुनापर्यंत एकेक अंक बदलून न्या. मला यात नेहमी एक कोडं वाटायचं, ज्यांची गोडी गेली ते रांगेत कसे? यंदा उलगडलं. अंक कुणी पहिल्या पानापासून वाचत नाही. व्यंगचित्रं, मग राशिभविष्य, मग एखादी कथा, नाही जमली तर पुढची. सोडून दिल्याची टोचणी नाही. आणि पुढचा अंक कोणता हा प्रश्नच नाही, टेबलावर जो आलेला असेल तो.

पोस्टमास्तर आले होते. त्यांचा अंक देताना खणातून एक पुस्तक काढून वर ठेवलं. म्हणाले, हे मी मागितलं नव्हतं. म्हटलं, कंदीलवालं आवडलं होतं ना, हे त्याच लेखकाचं. कोणतं ते रजिस्टरात शोधून काढलं होतं. नेलं. परत येतील की नाही, माहीत नाही.

मुख्याध्यापकांना मोठ्या अक्षराचं अजून काही देता आलेलं नाही. त्यांनी ऐकायची पुस्तकं सुरू केलीत, नातवानं मोबाईलमध्ये घालून दिली. आमच्या खात्यावर ते थांबलेलेच दिसणार.

१५ नोव्हेंबर, शनिवार

अहवाल सभेपुढे. नमुन्यात ‘कारण’ नावाचा एकच रकाना होता, त्यात माझं काही मावलं नाही. आणायला कुणी नाही, दिसत नाही, पुढचं कुणी दिलं नाही, सोळा पानं नाहीत. आणि एक निवृत्त तलाठी, ज्यांनी चक्क सांगितलं, ‘झालं माझं वाचून. चाळीस वर्षं वाचलं, आता डाळिंबं लावलीत, त्यात जीव रमतो. तुम्हाला वाईट वाटतंय का?’ नाही वाटलं. त्यांचं नाव यादीतून काढलं.

अध्यक्ष म्हणाले, मग मोबाईलचं काय? त्यावर मी एक परिच्छेद लिहिलाय, तोच वाचून दाखवला. मोबाईलमध्ये एक संपायच्या आत दुसरं आपोआप सुरू होतं, निवडायला लागत नाही, उठून जायला लागत नाही. पुस्तक संपलं की दुसरं हाती येईपर्यंत पोस्टमास्तरांची सात वर्षं जातात. अक्षरं विरुद्ध चित्रं अशी ही लढाई असती तर मुख्याध्यापक मोबाईलवर लांबलचक लेख वाचत बसले नसते. माझं म्हणणं सगळ्यांना पटलं असं नाही. सचिवांनी ‘मालिका’ हा शब्द अहवालात घालायला लावला, घातला.

खण कायम राहणार. पेपरवाल्या मुलाचे पैसे मार्चपर्यंत मंजूर. प्रस्तावनांवरच्या पट्ट्या काढायचा आदेश झाला, मामा सावकाश काढतील. अभ्यासिकेसाठी काय करावं ते मला अजून सुचलेलं नाही. त्या मुलाची परीक्षा होईपर्यंत त्याला काही द्यायचं नाही, एवढंच ठरवलंय.

दुसरा खंड बायंडरकडून आला, सोळा पानं जागेवर, झेरॉक्सचा कागद जरा जास्तच पांढरा दिसतो. मी सभेत या फर्म्याची हकिकत सांगितली तेव्हा एकदम शांतता पसरली होती आणि मग दोघा-तिघांनी विचारलं, तट चढून पुढे काय होतं? तिसऱ्या खंडासाठी नावंही नोंदवली. आता तिसरा खंड सापडत नाही. दाखल नोंदवहीत आहे, फळीवर नाही, कुणाच्या खात्यावरही नाही. मामा म्हणतात, अध्यक्षांच्या गाडीत मागच्या सीटवर तसलंच जाडजूड काहीतरी त्यांनी पाहिलंय. मंगळवारी विचारते.